नव्या फ्लॅटमध्ये आजीचं कपाट : जुनं फर्निचर आजच्या घरात कसं बसवावं

गिरगाव, लालबाग, दादर, माहीम, विलेपार्ले. कुठलीही जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की घरं रिकामी करताना आधी खाली उतरतं ते लाकडी सामान. सागवानी कपाट, शिसवी पलंग, हातांची लांब आरामखुर्ची, दुभत्याचं जाळीचं कपाट. "नव्या घरात हे कुठे शोभणार?" असा एकच प्रश्न होतो आणि भंगारवाला बोलावला जातो. मग ताबा मिळाल्यावर तेच कुटुंब पार्टिकल बोर्डाचं कपाट विकत घेतं. फरशी पुसताना पाणी लागून लागून ते काही पावसाळ्यांत खालून फुगतं आणि त्याच्या बिजागऱ्या भुशातून सुटून येतात. चांगलं लाकूड असं कवडीमोलाने जाताना पाहून मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख. घरात वडिलोपार्जित एखादी वस्तू आहे पण ती आजच्या फ्लॅटमध्ये कशी सामावायची ते कळत नाही, किंवा आता पहिल्यांदाच एखादी जुनी वस्तू विकत घ्यायची आहे, अशांसाठी तो आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांना ती लागू पडते. जुन्या वस्तूला घरात रोजचं काम द्या. ज्या कपाटात रोजचे कपडे असतात, ज्या खुर्चीत सकाळचा चहा होतो, ती वस्तू आपोआप पुसली जाते, तिची कुरकुर वेळेवर ऐकू येते आणि ती घरात रुळते. नुसती शोभेसाठी कोपऱ्यात ठेवलेली वस्तू मुंबईच्या जागेच्या भावात कुणालाच परवडत नाही. थोड्याच दिवसांत तिच्यावर इस्त्रीचे कपडे साठतात आणि मग ती अडगळ होते. त्यामुळे एखादी जुनी वस्तू आवडली की पहिला प्रश्न "ही कुठे ठेवू?" हा नको, "हिच्यावर किंवा हिच्यात रोज काय होणार?" हा हवा.

पहिली पायरी : टेप घ्या

खोलीच्या आधी वाट मोजा. इमारतीचं फाटक, लिफ्टचा दरवाजा, लिफ्टची आतली उंची, जिन्याचं वळण, घराचा मुख्य दरवाजा आणि शेवटी ज्या खोलीत वस्तू जायची त्या खोलीचा दरवाजा. जुनी कपाटं लिफ्टमध्ये बहुधा मावत नाहीत, जिन्यानेच न्यावी लागतात. मग हमालीचा भाव मजल्यावर ठरतो, तो आधी विचारून घ्या. सोसायटीच्या ऑफिसातही आधीच सांगून ठेवा. बऱ्याच सोसायट्यांत सामान चढवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि दुपारी वॉचमन टेम्पो आत सोडत नाही.

दुसरं म्हणजे उंची. जुन्या चाळींत आणि वाड्यांत छत दहा-बारा फुटांवर असायचं, नव्या टॉवरमध्ये ते साडेनऊच्या आसपास असतं आणि फॉल्स सीलिंग केलं की आणखी खाली येतं. सात फुटी कपाट आडवं आत आणून उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो, हे लोक विसरतात. सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाटाला उभं करायला साधारण सात फूट तीन इंच मोकळी उंची लागते. वर कोरीव माथा असेल तर तो वेगळा धरा. दिलासा असा की जुनी मोठी कपाटं आणि पलंग बहुतेक सुटे होणारे असतात. माथा उचलला की निघतो, धड बैठकीवर नुसतं ठेवलेलं असतं, पलंगाच्या पाट्या आकड्यांनी किंवा बोल्टांनी खांबांत अडकवलेल्या असतात. सुटं करण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक भागावर कागदी चिकटपट्टी लावून नंबर घाला. पलंगाच्या चार पाट्या दिसायला सारख्या असतात, पण एकीची जागा दुसरी घेत नाही.

आता खोली. वर्तमानपत्रं जोडून वस्तूच्या मापाचा कागद जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्याच्याभोवती वावरा. चालायला निदान अडीच फूट मोकळे राहिले पाहिजेत, आणि दाराचं कपाट असेल तर दार पूर्ण उघडून समोर माणूस उभा राहील इतकी जागा हवी. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्यांना वाटतं की आता जागाच जागा. पण त्या ५०० फुटांत भिंती, दरवाजे, खिडक्या इतक्या येतात की सलग सहा फूट मोकळी भिंत घरात एखाद-दोनच सापडतात. त्या भिंती आधी शोधा. जुनी मोठी वस्तू तिथेच जाणार.

वजनाचंही पाहा. शिसव सागापेक्षा बरंच जड असतं, आणि पुस्तकांनी भरलेलं शिसवी कपाट हा मोठा भार असतो. आरसीसीच्या स्लॅबला त्याची भीती नाही, निवासी खोल्यांसाठी स्लॅब दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून बांधतात. पण तुम्ही अजून लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत राहत असाल तर अशी वस्तू खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीलगत ठेवा.

दुसरी पायरी : काय ठेवायचं, काय घ्यायचं

मुंबईत जुनं फर्निचर म्हणून जे हाती लागतं त्याचे ढोबळ चार प्रकार करता येतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या कोरीव शिसवी सामानाचा. 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने ते जगभर ओळखलं जातं. काळंभोर, जड, वेलबुट्टी-पक्षी-प्राण्यांनी गच्च भरलेलं. ही कारागिरी थोर आहे, पण ही वस्तू दहा बाय बाराच्या खोलीत गेली की इतर काही दिसतच नाही. अशी वस्तू हाती आली तर घरात एकच ठेवा, आणि शक्यतो लहान : एखादं तीन पायांचं टेबल, एखादी खुर्ची, कुंडी ठेवायचं स्टँड.

दुसरा प्रकार १९३० आणि ४०च्या दशकांतला, आर्ट डेको काळातला. नवशिक्यांनी याच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. कारण साधं आहे. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, माटुंगा इथे जेव्हा फ्लॅट बांधले गेले, तेव्हा हे फर्निचर त्याच फ्लॅटसाठी बनलं. १९३७ साली टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरलं होतं, आधुनिक घर कसं असावं हे मुंबईकरांना दाखवायला. त्या काळचं सामान गोल कोपऱ्यांचं, कमी नक्षीचं, बुटकं आणि आटोपशीर आहे. समांतर रेघा, गोल आरसा, एका बाजूला कपडे आणि दुसऱ्या बाजूला खण असलेलं कपाट. दोन बीएचकेमध्ये ते आल्यासारखं वाटतच नाही, असल्यासारखंच वाटतं. त्याची एक नाजूक बाजू म्हणजे व्हिनियर. बऱ्याच वस्तूंवर चांगल्या लाकडाचा अगदी पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. सुताराने त्यावर घासयंत्र फिरवलं की पापुद्रा जातो आणि खालचं साधं लाकूड उघडं पडतं. हे परत करता येत नाही.

तिसरा प्रकार इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि संगमरवरी टेबलांचा. या खुर्चीचा मूळ नमुना व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीचा, १८५९चा. वाफेवर लाकूड वाकवून सहा तुकडे आणि मोजके स्क्रू यांत खुर्ची उभी केली होती. मुंबईच्या इराण्यांनी अशा खुर्च्या मध्य युरोपातून मागवल्या आणि त्या अजूनही टिकून आहेत. वजनाला हलकी, दिसायला पारदर्शक, कुठल्याही डायनिंग टेबलाशी जमणारी. चार घ्यायला मिळाल्या तर उत्तम, नाही तर दोन जुन्या आणि दोन साध्या नव्या अशा मिसळल्या तरी चालतं.

चौथा प्रकार आपल्याच घरांतला, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. दुभत्याचं कपाट, फडताळ, चौरंग, पाट, पितळी कडीचा पेटारा, झोपाळ्याची फळी, वेताची आरामखुर्ची. याला बाजारात 'अँटिक' म्हणून मोठा भाव नसेल, पण वापर याचाच सगळ्यांत जास्त होतो. दुभत्याचं कपाट म्हणजे काय सोय होती बघा : तिन्ही बाजूंनी जाळी, आत वारा खेळता, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. आज त्यात कांदे-बटाटे, फळं, लोणच्याच्या बरण्या ठेवा. मॉड्युलर किचनच्या बंद खणांत जे कुबट होतं ते इथे होत नाही. गोदरेजचं लोखंडी कपाटही मी याच प्रकारात धरते. ती कपाटं १९२३ पासून बनत आहेत. जुनं असेल तर फेकू नका, गंज काढून गडद हिरव्या किंवा निळ्या रंगात रंगवून घ्या.

तिसरी पायरी : बाजारात जाताना

विकत घ्यायचं असेल तर दोन ठिकाणं पायाखालून घालावीत. भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार, त्यातही मटण स्ट्रीट. आणि जोगेश्वरी पश्चिमेचं ओशिवरा फर्निचर मार्केट. मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी सकाळी रस्त्यावर जुन्या-पुराण्याचा वेगळा बाजार भरतो. फर्निचर नीट बघायचं तर मधल्या वारी सकाळी जा. ओशिवऱ्याला माल मोठा असतो, जागा मोठी असते, पण तिथे खरं जुनं, जुन्या लाकडातून नवं केलेलं आणि सरळसरळ नवं असं सगळं शेजारी-शेजारी उभं असतं. जोधपूरकडून येणारं, मुद्दाम घासून-खरवडून जुनं दाखवलेलं सामानही भरपूर असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव जुन्याचा देऊ नका.

वस्तू पारखताना पुढून बघायच्या आधी मागून आणि खालून बघा. खण पूर्ण बाहेर काढा. खणाच्या बाजूंचे सांधे हाताने कापलेले असतील तर दात थोडे कमी-जास्त दिसतात, यंत्राचे असतील तर सगळे एकाच मापाचे. खण जिथे घासतो तिथे लाकूड झिजलेलं असलं पाहिजे. पन्नास वर्षं ओढलेल्या खणाच्या कडा कोऱ्या राहत नाहीत. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळवंडलेलं दिसतं. स्क्रू बघा : चौफुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात आले, त्यामुळे 'शंभर वर्षांची' म्हणून सांगितलेल्या खुर्चीत ते दिसले तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा खुर्ची जुनी नाही. सलग लाकडाचं गोल टेबल असेल तर टेप लावून दोन दिशांनी व्यास मोजा. लाकूड वर्षानुवर्षं आडव्या दिशेने आकसतं, लांबीला जवळजवळ नाही, म्हणून खरं जुनं गोल टेबल किंचित लांबट झालेलं असतं. ही खूण फारशी कुणाला नकली करता येत नाही.

शिसवी म्हणून रंगवलेलं हलकं लाकूड सर्रास विकलं जातं. एका हाताने खुर्ची उचलून बघा, खरं शिसव जड लागतं. मग बैठकीच्या खालच्या बाजूला, दुकानदाराला विचारून, नखाने किंवा किल्लीने किंचित खरवडा. आतही तोच जांभळट तपकिरी रंग दिसला तर ठीक. पिवळट पांढरं दिसलं तर नमस्कार करून पुढे चला.

आणि सगळ्यांत कामाचा सल्ला : शक्यतो पॉलिश न केलेली वस्तू घ्या. दुकानदार "मॅडम, पॉलिश करून चकाचक करून देतो" म्हणतो, पण पॉलिशखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या भेगा, किडीची भोकं, बदललेल्या फळ्या सगळं झाकलं जातं. कच्चा माल डोळ्यांनी बघा, त्याचा भाव ठरवा, पॉलिशचा भाव वेगळा ठरवा.

कायद्याचं थोडक्यात. हस्तिदंताचं जडावकाम असलेली वस्तू घेऊ नका, हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भावाला आजोबांचा कोरीव पेटारा पाठवायच्या आधी हे लक्षात असू द्या. आणि देवळाच्या खांबासारखं, चौकटीसारखं काही विकायला आलं तर ते कुठून आलं हे विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

चौथी पायरी : घरात आणण्याआधी

कीड आधी, पॉलिश नंतर. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर लाकूडकिडा आहे. भोकं जुनी आहेत की आत अजून कीड जिवंत आहे हे कळायला वस्तूखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. कागदावर ताजा भुसा पडला तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषध टोचून घ्या, आणि ते घराबाहेर, सुताराच्या किंवा दुकानदाराच्या जागेवर. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेचं फिकट लाकूड आणि पाठीमागे लावलेल्या साध्या फळ्या ती आवडीने खाते. म्हणून पाठ बघायला विसरू नका.

दुरुस्तीला माणूस निवडताना त्याला एकच विचारा : "सांधा ढिला झालाय, काय कराल?" जो लगेच स्क्रू ठोकायचं म्हणतो त्याला काम देऊ नका. जुने सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या डिंकाने, जोडलेले असतात. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणजे सांधा न मोडता उघडता येतो, साफ करता येतो आणि परत जोडता येतो. सरसाचा जुना थर न काढता वरून फेविकॉल घातला तर तो धरत नाही. जाणता सुतार हे स्वतःहून सांगतो. वेताचं विणकाम मात्र सुताराचं काम नाही, ते विणणाऱ्या कारागिराकडेच द्या. खुर्चीच्या चौकटीला बारीक भोकं असतील तर वेत हाताने विणावा लागतो, चौकटीत खाच असेल तर तयार जाळी बसते. हाताने विणलेली बैठक महाग पडते आणि जास्त वर्षं टिकते.

पॉलिश कुठलं आहे ते ओळखायला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस आडबाजूला फिरवा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. ते शक्य तितकं राखा. नवा पॉलिशवाला सगळं घासून वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप, मारायचा आग्रह धरेल, कारण ते झटपट होतं. पण पीयू मारलं की लाकूड काचेखाली गेल्यासारखं दिसतं, आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. लाखेवर ओरखडा पडला तर त्याच जागी परत हात मारता येतो. मात्र जेवणाच्या टेबलाचा वरचा भाग याला अपवाद करा, तिथे रोज गरम भांडी आणि पाणी येणार आणि लाख दोन्हींना पांढरी पडते. तिथे पीयू चालेल.

जुना तैलरंग लावलेली वस्तू घरात, मुलांच्या आसपास कोरडी घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगांतल्या शिशासाठी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. घासकाम बाहेर, मास्क लावून, ओलं करूनच व्हावं.

पितळी मुठी, कड्या, कुलुपं गेली असतील तर नव्या लावण्याआधी नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत एक मूठ नमुना म्हणून घेऊन जा. चिंचेने घासायच्या असतील तर आधी काढून घ्या, लाकडावर तसंच घासलं तर पॉलिशवर डाग पडतात.

पाचवी पायरी : मांडणी

आता खरा प्रश्न. नव्या सोफ्याशेजारी जुनी खुर्ची ठेवली की ती पाहुणीसारखी वाटू नये यासाठी काय करायचं?

एका खोलीत मोठी जुनी वस्तू एकच. बाकी जुनं लहान. बैठकीच्या खोलीत शिसवी कपाट असेल तर सोफा साध्या रेषेचा, बिनकोरीव, एकरंगी घ्या. दोन कोरीव वस्तू समोरासमोर कधीच नकोत, दोघींचंही काम दिसत नाही. पण ती एक मोठी वस्तू एकटीही पडू देऊ नका. तिच्या लाकडाचा रंग खोलीत आणखी एका-दोन ठिकाणी हलकेच यावा : फोटोची चौकट, दिव्याचा पाया, खिडकीजवळचा चौरंग. एवढ्याने ती वस्तू खोलीशी जोडली जाते.

जड आणि हलकं जोडीने ठेवा. जुनं सामान पायथ्याशी भरीव असतं. त्याच्यासमोर बारीक लोखंडी पायांचं सेंटर टेबल, किंवा काचेचा वरचा भाग असलेलं टेबल ठेवलं की जमीन मोकळी दिसते. लहान खोलीत जमीन जितकी दिसेल तितकी खोली मोठी वाटते.

नव्या इमारतींत बिल्डर पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स देतो. गडद लाकूड त्यावर फार काळं आणि तुटक दिसतं. फरशी बदलायची गरज नाही, वस्तूखाली एक सुती सतरंजी घाला. फरशी बदलणारच असाल तर रंगीत सिमेंटच्या टाइल्सचा विचार करा. भारत फ्लोअरिंग्ज ही मुंबईची कंपनी १९२२ पासून त्या बनवते आहे, आणि शहरातल्या कितीतरी जुन्या घरांतल्या नक्षीदार फरश्या तशाच आहेत. भिंत पांढरीशुभ्र नको, किंचित पिवळसर पांढरी किंवा फिकट मातकट घ्या. शिसवाच्या मागे शेवाळी हिरवा फार सुंदर दिसतो. सागाच्या मागे मात्र पिवळा रंग टाळा, लाकूड त्यात हरवतं.

दिव्यांकडे लोकांचं लक्षच जात नाही. थंड पांढऱ्या एलईडीखाली उत्तमातला उत्तम साग राखाडी दिसतो. डब्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला, म्हणजे पिवळसर उजेडाचा, दिवा घ्या, आणि छतावरच्या एका झगझगीत दिव्याऐवजी वस्तूजवळ एक खालचा दिवा लावा. पॉलिशवर खरी चमक बाजूने येणाऱ्या उजेडात उमटते.

उंच्या जुळवा, मिसळ खरी तिथेच फसते. हल्लीचे सोफे बुटके असतात, जुन्या खुर्च्यांची बैठक सोळा-अठरा इंचांवर आणि ताठ. सोफा फार खोल आणि बुटका असेल तर खुर्चीत बसलेला माणूस सोफ्यावरच्या माणसाशी बोलताना वाकतो. सोफा घ्यायला जाताना जुन्या खुर्चीची उंची लिहून न्या. पलंगाचंही तसंच. जुने पलंग उंच असतात आणि त्यांची मापं आजच्या तयार गाद्यांशी जुळत नाहीत, म्हणून गादी मापाने बनवून घ्या आणि जाडी चार-पाच इंचांवर नेऊ नका. दहा इंची गादी टाकली तर आजी-आजोबांना चढायला पायरी लागेल. बऱ्याच जुन्या कपाटांची आतली खोली हँगरसाठी अपुरी पडते, हँगरला बावीस-चोवीस इंच लागतात. दांडी आडवी लावण्याऐवजी मागून पुढे लावा, की कपडे समोर तोंड करून टांगता येतात.

बैठकीचं कापड बदलताना जरीचं, मखमलीचं नको. जुन्या लाकडाला साधं हातमागाचं सुती कापड, खादी, इरकलीच्या रंगांतला एखादा गडद पट्टा, हे शोभतं आणि मुंबईच्या घामात बसवतंही.

झोपाळ्याबद्दल खूप जण विचारतात. जुन्या घरात कड्या सागाच्या तुळईला होत्या. नव्या घरात त्या आरसीसी स्लॅबलाच लागल्या पाहिजेत, फॉल्स सीलिंगला कदापि नाही. हलता भार वेगळा असतो, म्हणून सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेऊनच अँकर बसवा. ते जमत नसेल तर लोखंडी स्टँडवर जुनी फळी आणि पितळी साखळ्या टांगा. उंच कपाट मात्र भिंतीला पाठीमागून पट्टीने बांधाच, लहान मुलं खणांवर चढतात. नव्या टॉवरमध्ये भिंती काँक्रीटच्या असतील तर साधा अँकर धरतो, हलक्या ब्लॉकच्या असतील तर त्यांचा वेगळा अँकर मिळतो, तो मागा.

गणपतीचा चौरंग वर्षभर माळ्यावर का असावा? एरवी सोफ्याशेजारी पुस्तकं-चहासाठी वापरा, भाद्रपदात पुसून आसन घाला.

सहावी पायरी : मुंबईची हवा

मुंबईत लाकडाला खरा त्रास रोजच्या पोछ्याचा आहे. फरशी पुसताना पाणी पायांच्या तळाला लागतं आणि लाकडाच्या उभ्या रेषांतून वर चढतं. प्रत्येक पायाचा तळ मेण चोळून बंद करा आणि खाली नायलॉनची किंवा रबराची चकती ठोका. बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच जागा सोडा, पावसाळ्यात ओल भिंतीतून पाठीच्या फळीत उतरते. एसीचा झोत थेट लाकडावर नको, एसी रात्रभर आणि दिवसा दमट हवा अशा ओढाताणीत फळ्या तडकतात.

जुलैमध्ये खण अडकले तर रंधा मारून घेऊ नका. लाकूड फुगलं आहे, दिवाळीपर्यंत आपोआप आकसेल, आणि रंधलेला खण मग सैल वाजत राहील. खणाच्या कडांना मेणबत्ती घासा, तेवढ्याने काम भागतं. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि कोरड्या दिवशी दारं तासभर उघडी टाका. लाखेचं पॉलिश पावसाळ्यात करून घेऊ नका, दमट हवेत ते दुधाळ होतं. पॉलिशवाल्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बोलवा.

पुनर्विकासात भाड्याच्या घरात जायची वेळ आली असेल तर मोठी वस्तू सुटी करून ठेवणं सगळ्यांत सोपं. स्क्रू आणि कड्या एका डबीत घालून ती त्याच वस्तूच्या खणात ठेवा. भाग सुती चादरीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आत ओल धरते. जमिनीवर विटा किंवा पट्ट्या ठेवून त्यावर रचा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून वाळवी बघा. गावी मोकळी खोली असेल तर टेम्पोचं भाडं देऊन तिकडे पाठवणंही कधी कधी स्वस्त पडतं, पण तिकडे वाळवी जास्त, त्यामुळे भिंतीपासून दूर ठेवायला सांगा.